बॅगेतली बाटली, खिशातला खर्रा: वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

तरुण मुलांची व्यसनं या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत. नावं आणि गावं गाळली आहेत, पत्रं आटोपशीर केली आहेत. बऱ्याच पत्रांचा शेवट ‘त्याला चांगली भीती बसेल असं काहीतरी लिहा’ असा होता. तेवढी एक विनंती आम्ही मान्य केलेली नाही. कारण पाचव्या उत्तरात आहे.

मुलगा १९ वर्षांचा, वर्षभर जिमला जातो. परवा त्याची बॅग धुवायला काढली तर आत काचेच्या दोन छोट्या बाटल्या आणि केशरी टोपणाच्या बारीक सिरिंजा निघाल्या. बाटलीवर ‘मेफेंटरमाईन’ असं लिहिलंय. तो म्हणतो, “आई, ते स्टॅमिनाचं आहे, सगळेच घेतात.” खरं काय समजायचं?
– एक आई, कोल्हापूर जिल्हा

हे ऑपरेशन थिएटरमधलं औषध आहे. पाठीत भूल दिल्यावर काही रुग्णांचं ब्लड प्रेशर झपकन खाली येतं. ते वर आणायला भूलतज्ज्ञ हे औषध शिरेतून देतात, एका वेळी साधारण ६ मिलिग्रॅम, तेही मॉनिटरवर नजर ठेवून. तुमच्या हातातल्या बाटलीचं लेबल नीट वाचा. बहुधा १० मिलीची बाटली असेल आणि दर मिलीत ३० मिलिग्रॅम. म्हणजे एका बाटलीत ३०० मिलिग्रॅम, थिएटरच्या हिशेबानं पन्नास डोस. तुमच्या मुलानं एक मिली ‘मारलं’, तर पाच डोस एकदम गेले, आणि तेही व्यायामानं आधीच बीपी चढलेल्या अंगात.

यानं स्नायू वाढत नाहीत. थकवा कळेनासा होतो, छाती धडधडते, अंगात वारं शिरल्यासारखं वाटतं आणि पोरगा दोन सेट जास्त मारतो. थकवा ही शरीराची सूचना असते. ती बंद पडली की स्नायू फाटेपर्यंत वजन उचललं जातं. पुढे तेवढ्याच मात्रेत काही वाटेनासं होतं, म्हणून मात्रा वाढते. मग झोप उडते, डोकं ठणकतं, चिडचिड होते. काहींना लोक आपल्याविषयीच कुजबुजताहेत असा संशय यायला लागतो. हा संशय दिसला तर थांबू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या.

या मुलाशी बोलताना अडचण अशी की आपण नशा करतो असं त्याला वाटतच नाही. तो दारू पीत नाही, सिगरेट ओढत नाही, अंडी मोजून खातो. त्याला ‘नशेडी’ म्हणालात की बोलणं तिथंच संपलं. त्यापेक्षा झोपेपासून सुरुवात करा: “रात्री किती वाजता डोळा लागतो? छातीत धडधडतं का? हे कोण देतं, पैसे किती जातात?” मग तीन कामं.

पहिलं, फॅमिली डॉक्टरकडे बीपी आणि ईसीजी. डॉक्टरांना बाटलीच दाखवा, ‘टॉनिक’ म्हणू नका. दुसरं, रक्ताच्या तपासण्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. जिममध्ये एकच बाटली चौघांत फिरते आणि वापरलेली सुई पुन्हा त्याच बाटलीत जाते. सिरिंज स्वतःची असली तरी बाटली सामाईक, इथंच घोटाळा होतो. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते. आज निगेटिव्ह आली तरी शेवटच्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांनी परत करायची. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर तिचे तीन डोस पूर्ण करा. तिसरं, घरातल्या सुया कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, झाकण चिकटपट्टीनं बंद करा आणि दवाखान्यात नेऊन द्या.

बंद केल्यावर पहिले काही दिवस तो खूप झोपेल, मलूल दिसेल, जिमला जायला नको म्हणेल. हा उतार दहा-पंधरा दिवस चालू शकतो. या काळात ‘जगून काय करायचं’ अशी भाषा आली तर त्याला एकटं ठेवू नका आणि १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. बाटलीवरचा बॅच नंबर मात्र आधी टिपून ठेवा. बाटली फेकली की पुरावाही गेला.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सातवी-आठवीतली दहा-बारा पोरं खर्रा खातात. घरचेही खातात, म्हणून पालकसभेत कुणी बोलत नाही. एक मुलगा हल्ली डबाच खात नाही, भाजी झोंबते म्हणतो. काय करावं?
– एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

आधी त्या डबा न खाणाऱ्या मुलाकडे बघू, बाकीचं नंतर. साधी भाजी झोंबणं ही पुष्कळदा खर्र्यातल्या सुपारीनं तोंडाचं अस्तर बिघडल्याची पहिली खूण असते. गालाच्या आतल्या कातडीखाली ताठर धागे तयार होतात, अस्तर पांढुरकं पडतं आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. डॉक्टर त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तपासायला काही लागत नाही. मुलाला त्याची स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही बोटं सहज गेली तर ठीक. दोनच गेली तर दंतवैद्य गाठायचा, आणि तो याच आठवड्यात. शिटी वाजवता येते का, फुगा फुगवता येतो का, जीभ ओठाबाहेर नीट येते का, हेही बघा. सगळ्या वर्गाची तपासणी खेळ म्हणून पाच मिनिटांत होते आणि कुणा एकाकडे बोटही दाखवलं जात नाही. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात अशा रुग्णांवर उपचार होतात. तालुक्याच्या रुग्णालयातल्या दंतवैद्याची चिठ्ठी घेऊन जावं. आखडलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होईल याची हमी नसते, पण सुपारी आज थांबली तर पुढचं नुकसान थांबवता येतं. उशीर झाला तर यातूनच कॅन्सरची वाट निघते.

इथे एक गैरसमज खोडावा लागेल. ‘तंबाखू सोडली, आता नुसती गोड सुपारी खातो’ असं पोरं अभिमानानं सांगतात. तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला तंबाखूशिवायही कर्करोगकारक ठरवलं आहे. खर्र्यात दोन्ही असतात: सुपारीचा कीस, तंबाखू आणि चुना, पन्नीत घोटून घोटून एकजीव केलेला. चुन्यामुळे निकोटीन तोंडातूनच पटकन रक्तात जातं, म्हणून तर ‘किक’ बसते.

सोडवायचं कसं? निकोटीनची ओढ शेवटच्या खर्र्यानंतर काही तासांतच सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोराची असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. म्हणून सोमवारी सोडलेला मुलगा बुधवारी वर्गात भांडतो. त्याला त्या दिवशी अंगठे धरून उभं केलंत तर गुरुवारी तो टपरीवर असेल. पोरांना हे वेळापत्रक आधीच सांगा. तलफ एका वेळी चार-पाच मिनिटंच टिकते, तेवढी ढकलायची. पाणी प्यायचं, ओवा किंवा भाजलेले जवस चघळायचे, उठून हापशावर जाऊन यायचं. सर्वांत अवघड वेळा तीन: सकाळी परसाकडेला जाताना, जेवणानंतर आणि मधली सुट्टी. मधली सुट्टी तुमच्या हातात आहे. पहिले पंधरा दिवस त्या दहा-बारांना तेव्हा कबड्डीला जुंपा. निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगगम अठरा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांशिवाय द्यायचे नाहीत.

पालकसभेत भाषण करू नका. गणिताच्या तासाला मुलांनाच हिशेब मांडायला लावा: रोजचे खर्रे, गुणिले गावातला भाव, गुणिले ३६५. आकडा वहीत लिहून तो घरी वडिलांची सही घेऊन आणायचा. बाप गप्प बसतो, पण वही बघतो.

आणि टपरी. ‘कोटपा’ म्हणजे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा. त्याच्या कलम ६ नुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्याला तर कुठेच विकता येत नाही. अंतर शाळेच्या फाटकापासून मोजतात ही नेहमीची चूक. ते कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी मोजायचं असतं. टेपनं मोजा, रस्त्यावर पिवळी रेघ मारा, फोटो काढा, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी द्या. दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, त्याला कुणी भीत नाही. पण बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ वेगळं आहे: लहान मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्याची छापील प्रत टपरीवाल्याच्या हातात नेऊन दिली की बोलण्याचा सूर बदलतो. सुगंधी तंबाखूवर राज्यात २०१३ पासून बंदी आहे आणि खर्र्यात पुष्कळदा तीच पडते, हेही त्याला ठाऊक असतं.

मुलगा अकरावीत. खोलीत सारखी उदबत्ती, डोळे लाल, टेबलाच्या खणात पातळ कागदाची पाकिटं, मुलं त्याला ‘गोगो’ म्हणतात म्हणे. ऑनलाइन लघवी तपासायचं किट मिळतं. त्याला न सांगता तपासू का?
– एक वडील, ठाणे

नको. कारण फक्त नैतिक नाही, किट स्वतःच लंगडं आहे. गांजा एकदाच ओढला असेल तर तीन-चार दिवस लघवीत सापडतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरसुद्धा. म्हणजे सोडून तीन आठवडे झालेला मुलगाही ‘पॉझिटिव्ह’ येईल आणि तुम्ही त्याला खोटारडा ठरवाल. उलट एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सध्या आपल्याकडच्या शहरांत गाजतंय तेच, नेहमीच्या पट्ट्यांवर बहुधा दिसतच नाही. तुम्ही निश्चिंत झोपाल. खसखस घातलेली खीर किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध यांनी अफूची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि चोरून तपासल्याचं कळलं की पुढचे सहा महिने तो तुमच्याशी खरं बोलणार नाही. तपासणी करायचीच तर डॉक्टरांमार्फत, त्याला सांगून.

कागद सापडलेत, ते पुरेसे आहेत. बोलायला वेळ निवडा. तो तारेत असताना नको, जेवणाच्या ताटावर नको, आजी-आजोबांसमोर नको. स्कूटरवर, गाडीत, फिरताना बोला. नजरेला नजर नसली की पोरं जास्त बोलतात. पहिलं वाक्य आरोपाचं नको, दिसलेल्या गोष्टीचं हवं: “खणात कागद दिसले. गांजाचे आहेत असं मला वाटतंय. मी चिडलोय, पण आत्ता मला ऐकायचंय.” आणि मग खरोखर गप्प बसा. बहुतेक बाप इथेच हरतात, तिसऱ्या सेकंदाला स्वतःच्या कॉलेजचे दिवस सुरू करतात.

विचारायचं ते असं: आठवड्यात किती वेळा, एकटा की मित्रांबरोबर, ओढल्याशिवाय झोप येते का, पैसे कुठून. ‘शनिवारी मित्रांबरोबर’ आणि ‘रोज रात्री एकटा’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याला घरातले नियम पुरतात: ठरलेली परतायची वेळ, रोख पैसे बंद, खर्च यूपीआयवरून, महिन्याचं स्टेटमेंट दोघांनी मिळून बघायचं. दुसऱ्याला मनोविकारतज्ज्ञ लागतो, कारण एकट्यानं रोज ओढणाऱ्याच्या मागे बऱ्याचदा उदासी, परीक्षेची धास्ती किंवा झोपेचा त्रास असतो आणि गांजा हे त्यानं स्वतःच शोधलेलं चुकीचं औषध असतं. सोडल्यावर पहिला आठवडा झोप लागत नाही, भूक जाते, विचित्र स्वप्नं पडतात. दोन आठवड्यांत बरंच निवळतं. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर एवढीही वाट बघू नका. कोवळ्या वयात गांजा ओढणाऱ्यांत, विशेषतः अशा घरांत, भास आणि संशयाच्या आजाराचा धोका वाढतो.

भाऊ २४ वर्षांचा, रोज दोन क्वार्टर पितो. आईनं जाहिरात बघून चहात मिसळायची पावडर मागवली आहे, ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी. द्यावी का?
– एक बहीण, लातूर जिल्हा

पुडी फेकून द्या. आईला रागावू नका, ती थकलेली आहे.

अशा पुडीत काय आहे ते लेबलावर क्वचितच कळतं. निरुपयोगी चूर्ण असेल तर पैसे गेले, एवढंच. पण आत डायसल्फिराम असेल तर गोष्ट जिवावर येते. हे खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण रुग्णाला पूर्ण सांगून आणि त्याच्या संमतीनं. पोटात ते असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. ज्याला काही माहीतच नाही तो नेहमीसारखा पिणार आणि रस्त्यात पडणार.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे ३० मिलीचे सहा पेग. रोजचे बारा. इतकी पिणाऱ्याला ‘उद्यापासून बंद’ म्हणून खोलीत कोंडू नका. हात थरथरणं, घाम, उलटी सहा ते चोवीस तासांत सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना ओळखत नाही. ही वेळ घरी काढायची नसते. रुग्णालयात हे आठवडाभरात औषधांनी सांभाळतात. गावच्या डॉक्टरांकडे नुसती ग्लुकोजची सलाइन लावायला नेऊ नका. पिणाऱ्याच्या शरीरात बी१ जीवनसत्त्व संपलेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. “आधी थायमिन दिलंत का?” हे विचारायला लाजू नका.

तो यायला तयार नसेल तर तुम्ही दोघी जा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आणि व्यसनमुक्ती केंद्रांत घरच्यांनाही सल्ला मिळतो. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. तोवर तीन गोष्टी थांबवा: त्याची उधारी फेडणं, कामावर ‘ताप आलाय’ असा फोन करणं, आणि तो प्यायलेला असताना वाद घालणं. सकाळी आठला, शुद्धीत असताना, ‘डॉक्टरकडे जाऊ’ हे एकच वाक्य बोला आणि रोज तेच बोला.

२६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन आहे. शाळेत रॅली, पोस्टर स्पर्धा आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या एका तरुणाचं व्याख्यान ठरवलं आहे. आणखी काय घ्यावं?
– एक मुख्याध्यापिका, नाशिक

आणखी घेण्याआधी दोन गोष्टी वगळा.

सिरिंज आणि कवटीची पोस्टरं नकोत. चौदा वर्षांच्या मुलाला मरण खूप लांब दिसतं. त्याच्या ओळखीतला एक जण गांजा ओढून पहिल्या पाचांत आलेला असतो. पोस्टर म्हणतं ‘नशा म्हणजे मृत्यू’, डोळे म्हणतात तसं नाही. मग पोस्टरबरोबर तुमचं बाकीचं खरं बोलणंही खोटं ठरतं. व्याख्यानही नको. व्यसनातून उठलेल्या माणसाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मुलं ऐकतात ती गोष्ट ‘त्यानं सगळं केलं आणि तरी स्टेजवर उभा आहे’ अशी. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ मध्ये प्रतिबंधाचे सुधारित निकष प्रसिद्ध केले, त्यांतही भीती घालणं आणि माजी व्यसनींची कथनं निष्फळ ठरलेल्या प्रकारांत धरली आहेत. व्यसन लागलेल्यांच्या गटात हीच माणसं सोन्यासारखी असतात. जागा चुकते, माणूस नव्हे.

काम होतं ते कंटाळवाण्या सातत्यानं. आठवड्याला एक तास, असे दहा-बारा तास, वीस-पंचवीस मुलांचा गट, बोलणारी मुलं जास्त आणि शिक्षक कमी. एका तासाचा नमुना देतो. तिघांचा गट: एक आग्रह करणारा, एक नकार देणारा, एक बघणारा. आग्रह करणारा तीन वेळा जोर लावतो: “अरे एकदाच,” मग “घाबरतोस का?”, मग “मग आमच्यात कशाला येतोस?” नकार देणाऱ्यानं भाषण द्यायचं नाही, कारण सांगत बसायचं नाही. “नको रे, मला जमत नाही. चल, वडापाव खाऊ.” नकार, आणि लगेच दुसरीकडे वळवणं. बघणारा खांदे, नजर, आवाज टिपतो. मग भूमिका बदलायच्या. तिसऱ्या आग्रहाला बहुतेक मुलं अडखळतात. तो तिसरा आग्रहच पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचा. प्रत्यक्षात हा प्रसंग तीस सेकंदांचा असतो आणि त्या तीस सेकंदांत कुणाला पोस्टर आठवत नाही.

दुसऱ्या तासाला चिठ्ठ्या: “आपल्या वर्गातले शंभरात किती जण तंबाखू घेत असतील?” मुलं चाळीस-पन्नास लिहितात. मग आकडा सांगा: २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांत सध्या तंबाखू वापरणारे ८.५ टक्के होते. म्हणजे शंभरातले नव्वदाहून जास्त जण तंबाखू घेतच नाहीत. ‘सगळेच करतात’ हा समज उतरवणं हे अर्धं काम.

सापडलेल्या मुलाचा नियम आत्ताच लिहून ठेवा. शाळेतून काढलेला मुलगा दिवसभर कुठे असतो, याचा विचार करा. त्याच दिवशी पालकांना फोन, दोन दिवसांत समुपदेशक, पंधरा दिवसांनी पुन्हा भेट, आणि बातमी स्टाफरूमबाहेर जाणार नाही. स्टाफरूमचा विषय निघालाच आहे तर एक राहून जाऊ नये: शिक्षकांच्या वरच्या खिशातली तंबाखूची पुडी मुलांना पहिल्या बाकावरून दिसते.

बक्षीस समारंभाचे पैसे वाचले तर मैदानाचं फाटक संध्याकाळी सातपर्यंत उघडं ठेवायला एक माणूस नेमा.

हॉस्टेलवर पार्टीत एक मित्र बेशुद्ध पडला. आम्ही लिंबूपाणी पाजलं, थंड पाण्याखाली धरलं. तो वाचला. पण बरोबर केलं का?
– एक विद्यार्थी, पुणे

नशीब चांगलं होतं. गिळता न येणाऱ्याच्या तोंडात लिंबूपाणी ओतलं की ते फुफ्फुसात जातं, आणि थंड पाण्यानं आधीच गार पडणारं अंग आणखी गार पडतं. कॉफी, चालवणं, मिठाच्या पाण्यानं उलटी काढणं, यांतल्या कशानंही दारू उतरत नाही. यकृत तासाला साधारण एक पेग संपवतं, त्याला घाई करता येत नाही. शेवटचा घोट पोटात असतो तोवर रक्तातलं प्रमाण चढतच राहतं, म्हणून ‘झोपलाय, झोपू दे’ हा सर्वांत घातक निर्णय.

जोरात चिमटा काढून जागा होत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, ओठ निळसर, झोपेत उलटी: यांपैकी एक जरी दिसलं तरी १०८. तोवर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित खाली म्हणजे उलटी बाहेर येईल. एकानं शेजारी बसून श्वास मोजायचे. दारूवर झोपेच्या किंवा ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नशेच्या गोळ्या घेतल्या असतील तर डॉक्टरांना सांगाच, दोन्ही मिळून श्वास थांबवतात. रिकामी पट्टी बरोबर न्या.

पोलिसांच्या भीतीनं मित्राला दाराआड ठेवू नका. रुग्णालयात नोंद होईल, प्रश्न विचारले जातील, एवढं सोसायचं. अमली पदार्थांच्या बाबतीत एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ माहीत असू द्या: व्यसन लागलेल्यावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन पूर्ण करत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं.

सकाळी गाडी? रात्री एकला सहा पेग संपवणाऱ्याच्या रक्तात सकाळी सहालाही दारू असू शकते. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम.

रस्त्यावरची लहान मुलं रुमालात व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन घेऊन हुंगतात. आमचं मंडळ त्यांना पकडून संस्थेत नेणार आहे.
– एक कार्यकर्ता, मुंबई

पकडू नका, पळायला तर अजिबात लावू नका. हुंगलेल्या मुलाचं हृदय त्या क्षणी अतिसंवेदनशील झालेलं असतं. दचकून किंवा धावून ठोके बिघडले तर जागेवर मृत्यू येतो, पहिल्याच वेळी हुंगणाऱ्यालाही. रुमाल हिसकावू नका. उघड्या हवेत बसवा, शांतपणे बोला, पाणी द्या, नशा उतरेपर्यंत थांबा. मग १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलांचं प्रमाण (१.१७ टक्के) मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त होतं. बऱ्याच मुलांसाठी ती भूक मारायची सोय असते. जाताना जेवणाचा डबा घेऊन जा.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना काय बघावं? एका केंद्रात मुलांना मारतात असं ऐकलं.
– एक काका, सोलापूर

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ अशा केंद्रांना लागू होतो. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असलं पाहिजे. साखळीनं बांधणं पूर्ण बेकायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि त्याचा पालक सोबत राहिला पाहिजे. ‘घरच्यांनी महिनाभर तोंड दाखवायचं नाही’ असं सांगितलं की तिथूनच परत फिरा.

विचारा: मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कुठे नेता, घरच्यांसाठी सत्रं आहेत का, घरी सोडल्यावर पाठपुरावा किती महिने. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं सुरू केलं, तिथे घरच्यांना उपचारात धरतात. हा नमुना समोर ठेवून इतर केंद्रांना प्रश्न विचारता येतात. घरी उचलायला गाडी पाठवतो, मुलाला सांगायची गरज नाही, असं म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. दाखल करण्यापूर्वी एकदा दुपारी, न कळवता, जेवणाच्या वेळी जाऊन या आणि दाखल मुलांपैकी एकाशी एकट्यानं पाच मिनिटं बोलू द्या म्हणा.